कुणीच परत न नेलेला फेटा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाभूळ आहे. वर्षभर तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. दिवाळी सरते, शेतात दहीभात ठेवून बायका सीतादही करतात, पहिली वेचणी पडते आणि कापसाच्या गाड्या तिच्या अंगाला घासत सरकी काढणाऱ्या जिनाकडे वळू लागतात. मग आठ-पंधरा दिवसांत तिच्या काट्याकाट्याला कापूस लागतो. शाळेत जाणारी लेकरं तो ओढून काढतात आणि थुंकी लावून एकमेकांना पांढऱ्या मिशा चिकटवतात.

तो कापूस दिसला, की माझे हात अजूनही दाभण शोधतात. कारण आमच्यासाठी हा ग्लोव्हज् उसवायचा हंगाम होता. वर्षभर घाम पिऊन आणि मार खाऊन आतला कापूस काळा, ढेकळासारखा घट्ट झालेला असायचा. नवा कापूस जिनात आला, की आम्ही मनगटाची शिवण उसवून जुना बोळा बाहेर काढायचो, ताज्या कापसातली सरकी हाताने काढून, तो पिंजून आत भरायचो आणि पुन्हा टाके घालायचो. त्यानंतरचे काही दिवस कुणाचाही बुक्का लागला तरी हसू यायचं, इतका तो मऊ असायचा. आमच्यातला थावरा म्हणायचा, "आज मारून घ्या रे, आज आपण समदे माहेरी आलोत."

हिंगोलीत बॉक्सिंगचा क्लब होता, हे आता सांगितलं तर माझी मुलंसुद्धा माझ्याकडे जरा सांभाळून बघतात. पण होता. इंग्रज जाण्याआधीची दोन-तीन वर्षं तो चालला. रॉकेलच्या डब्याचा पत्रा सरळ करून त्यावर मी स्वतः उर्दूत आणि मराठीत 'बॉक्सिंग क्लब' असं रंगवलं होतं. गावाने तो पत्रा कधी वाचला नाही. गाव त्याला 'बुक्क्यांचा आखाडा' म्हणत राहिलं. तालमीतली पोरं आमच्या दारावरून जाताना मुद्दाम मोठ्याने बोलायची.

"अरे, बुक्क्या माराय क्लब काहून लागतो? लगीन करा म्हनावं, घरच्या घरी भेटतेत."

क्लबचे उस्ताद म्हणजे हवालदार चाचा. पलटणीतून पेन्शनीवर आलेले, छावणीच्या बाजूला दोन खोल्यांत राहणारे, बायको वारलेली आणि एकुलती एक मुलगी हैदराबादेला दिलेली. पहाटे कयाधूच्या वाळूत एकटेच सावलीशी बॉक्सिंग करायचे. ग्लोव्हजची एकच जोडी त्यांनी पलटणीतून आणली होती आणि ती दोरीने बांधून खांद्यावर टाकलेली असायची. थावरा नदीपलीकडच्या तांड्यावरचा. सरपणाची मोळी घेऊन रोज त्याच वाटेने गावात यायचा. त्याच्या आजोबांच्या काळापर्यंत त्यांचे बैल मीठ आणि धान्य वाहत मुलूखभर फिरत. पुढे रेल्वे आली आणि बैलांच्या पाठी मोकळ्या झाल्या. आता तांड्यावरची माणसं दुसऱ्यांच्या रानात राबत होती. शनिवारी, त्यांच्या बोलीत थावराला, जन्मला म्हणून थावरा. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा, रुंद खांद्यांचा आणि हसरा.

एका पहाटे त्याने मोळी वाळूवर टाकली आणि विचारलं, "चाचा, या उश्या कशाच्या?"

"मुक्का मारने के."

"उशी बांधून मारते का कोन? काहून?"

"ताकि मारने के बाद भी दोस्ती रहे, बेटा."

थावरा बराच वेळ हसला आणि मग म्हणाला, "मला बी बांधा." आमचा क्लब म्हणाल तर तिथेच सुरू झाला.

मी त्यात आलो तो लिहिता येत होतं म्हणून. त्या काळी मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, चार पोरं जमवून आखाडा काढायचा तर परवानगी लागायची आणि अर्ज उर्दूत करावा लागायचा. माझं शिक्षणच उर्दूतून चाललं होतं. आमच्या घरात अक्षर पहिल्यांदा माझ्याबरोबर आलं. माझे वडील जिनात हमाल होते. कापसाच्या गाठी उचलून त्यांच्या पाठीला जो बाक आला तो शेवटपर्यंत राहिला. त्यांनीच भीत भीत मॅनेजरसाहेबांना विचारलं आणि होळीपासून दिवाळीपर्यंत रिकामं पडणारं रुईचं गोदाम आम्हाला मिळालं. चाचांनी पहिल्याच दिवशी मला ग्लोव्हज् घालून बघितले, माझ्या मनगटाकडे बघितलं आणि ग्लोव्हज् काढून घेतले. "तू पढ, मियाँ. तेरे कू ये नक्को. तू सेक्रेटरी बन." तेव्हापासून सगळे मला सेक्रेटरी म्हणू लागले. माझी पहिली नोकरी तीच, असं मी मानतो.

त्या गोदामाचा वास मला अजून येतो. सरकीच्या तेलाचा, गोणपाटाचा आणि पावसाळ्यात पत्र्याखाली कोंडलेल्या घामाचा. आम्ही मध्ये चार बाभळीचे खांब रोवले आणि मोटेचे जुने नाडे ताणून बांधले. नाडा उघड्या अंगाला लागला की पाठीवर लाल वळ उठायचा. घंटा नव्हती. स्टेशनाकडून रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा मिळाला, तो आढ्याला टांगला. लोखंडी खुंटीने त्यावर ठोकलं, की फेरी सुरू आणि पुन्हा ठोकलं, की फेरी बंद. ते काम माझ्याकडे होतं. ग्लोव्हजची दुसरी जोडी चांभाराकडून मोटेच्या चामड्याची शिवून घेतली. ती इतकी मोठी झाली, की ती घातलेल्या पोराला नाक खाजवायलाही दुसऱ्याची मदत लागायची.

पण सगळ्यात अवघड होतं ते पोरांच्या अंगातली कुस्ती काढणं. सगळी लहानपणापासून मातीत लोळलेली. दोन बुक्के बसले की खाली वाकून पाय धरायची. कुणी पडलं, की समोरचा त्याच्या अंगावर झेप घेऊन त्याला उताणा करायला बघायचा. चाचा डोक्याला हात लावत. "अरे छोड! गिर गया तो छोड उसे! पीछे हट!"

"मंग जिंकायचं कसं, चाचा?"

"मैं दस तक गिनता. उठा नहीं तो हार गया."

"आन् उताणा झालाच न्हाई तर?"

"उताणा-पालथा कुछ नहीं! गिरा मतलब गिरा!"

हे मात्र कुणालाच पटलं नाही. आमच्याकडे पाठ मातीला लागली तर माणूस हरला. पोटावर पडलेला माणूस हरलेला नसतो, तो फक्त खाली असतो. तालमीत तर पोटावर पडून जमीन धरून ठेवणं हीसुद्धा एक विद्याच आहे. थावराला ती पक्की येत होती. बुक्का जोरात बसला, पाय गेले, तर तो मांजरासारखा हवेतच वळायचा आणि पालथा पडायचा. लगेच उठायचा. चाचा ओरडायचे, "आठ गिनने तक नीचे रह! साँस ले! जल्दी कायकू?"

थावरा म्हणायचा, "पडलो कुठं, चाचा? पाठ कोरडी हाये माझी."

पोरं हसायची. चाचाही शेवटी हसायचे. मीसुद्धा हसायचो.

थावराला पलटणीत जायचं होतं. हे त्याने एकदा मला कयाधूच्या पुरात सांगितलं. माझी परीक्षा होती, नदी अंगाबाहेर गेली होती आणि मी वडलांच्या मामाच्या गावाहून परत येताना पलीकडेच अडकलो होतो. थावराने मला खांद्यावर घेतलं, माझी पुस्तकं माझ्याच डोक्यावर फडक्याने बांधली आणि छातीभर पाण्यातून चालू लागला. मला बोलतं ठेवायला असेल किंवा स्वतःची भीती घालवायला असेल, तो सारखा बोलत होता.

"सेक्रेटरी, चोरी कुठंबी होऊ दे, शिपाई पयले आमच्या तांड्यावर येतेत. भांडी उलथीपालथी करतेत. याडी नुसती कोपऱ्यात हुभी ऱ्हाते. मी पलटणीत गेलो आन् दाराला वर्दी टांगून ठिवली, तं शिपाई बघंल का न्हाई? म्हनंल, ह्ये शिपायाचं घर हाये."

याडी म्हणजे त्याची आई. मी त्याच्या केसांना घट्ट धरून म्हणालो, "बघंल." दुसरं काय म्हणणार होतो? मी त्या परीक्षेला बसलो, पास झालो, पुढे बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पहिला. लोक मला विचारतात, तुमच्या शिक्षणाला कुणाचा आधार होता. मी वडलांचं नाव घेतो, चाचांचं घेतो आणि मग त्या खांद्यांचं.

आता हंगामात जिनाजवळून जातो तेव्हा फाटकापाशी ट्रॅक्टरांची रांग दिसते. पोरं ट्रॉलीतल्या कापसावर पालथी झोपलेली असतात, रेडिओ उशाशी. तेव्हा रांग बैलगाड्यांची असायची. हट्ट्याकडून, गोरेगावकडून लोक रात्र-रात्र चालून यायचे आणि दोन-दोन दिवस नंबराची वाट बघत फाटकाबाहेर मुक्काम ठोकायचे. तीन दगडांच्या चुली, ज्वारीच्या भाकरी, बैलांच्या घुंगरांचा आवाज. करमणूक काहीच नाही. आमच्या त्या सामन्याला एवढी माणसं का जमली, ते या रांगेमुळे. इंग्रज जाण्याआधीची ती शेवटची थंडी. जिन सुरू व्हायला दोन दिवस होते. यंत्राला नारळ फुटला, की आमचं गोदाम रुईने भरणार होतं आणि आम्हाला खांब उपटून बाहेर पडायचं होतं. त्याआधी एक खरा सामना व्हावा, असं चाचांच्या मनात होतं. त्यांच्या जुन्या ओळखीचे एक सुभेदारसाहेब दौऱ्यावर होते. त्यांच्यासोबत पलटणीचे चार बॉक्सर होते. ते यायला कबूल झाले. एवढंच नाही, तर सुभेदारसाहेब म्हणाले, "कोई लडका दमदार निकला तो भरती करा लेंगे."

हे ऐकल्यापासून थावराने सरपण आणणं सोडलं नाही, पण तो मोळी डोक्यावर घेऊन पळू लागला.

सामना मैदानात ठेवला, कारण गोदामात माणसं मावेनात. गाडीवाले गाड्यांवर चढून बसले. काही जण तर कापसाच्या ढिगावर. कुणीतरी हलगीवालेही आणले. कुस्तीच्या फडाला हलगी असते, तर इथे का नको? चाचांनी हलगीकडे एकदा बघितलं आणि ते नाडे ताणून बघू लागले. सुभेदारसाहेबांनी दोन्ही बाजूंना पलटणीचा एकेक नवा, लांब, पांढरा टॉवेल दिला. चाचांना आणि मला जवळ घेऊन सांगितलं, की आपला माणूस सोसवत नाही असं वाटलं तर हा आत फेकायचा. पंच तेच होते; टॉवेल आत पडला, की ते लढत तिथेच थांबवणार होते. चाचांना हे ठाऊकच होतं. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. रूळ माझ्यापुढे टांगलेला होता.

थावराने आत शिरताना वाकून मातीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. लोकांना ते आवडलं. समोरचा जवान उंच होता, लांब हातांचा, चेहऱ्याने सभ्य. त्यानेही तसंच केलं. लोकांना तेही आवडलं. ग्लोव्हज् पलटणीचे होते. मी हातात घेऊन दाबून बघितले. आत कापूस नव्हता, घोड्याचे केस होते, म्हणे. दाबले तर दबत नव्हते.

पहिली फेरी थावराची झाली, असं मला आजही वाटतं. तो आत घुसला, बरगडीवर दोन चांगले बसवले, हलगी कडाडली. दुसऱ्या फेरीत त्या जवानाला अंदाज आला. त्याचा डावा हात सापाच्या जिभेसारखा येऊन जायचा आणि थावराचं डोकं मागे जायचं. डाव्या डोळ्यावर, परत डाव्या डोळ्यावर. मग एकदा उजवा आला. थावराचे पाय गेले. पडता पडता तो वळला आणि पालथा पडला.

मैदान उसळलं. "पाठ लागली न्हाई! पाठ लागली न्हाई!"

सुभेदारसाहेब मोजत होते, पण थावरा तिसऱ्या आकड्यालाच उठला. पुन्हा पडला, पुन्हा पालथा, पुन्हा उठला. दरवेळी आरोळी वाढत गेली. हट्ट्याचा एक म्हातारा गाडीच्या जुवावर उभा राहून नाचत होता. "ह्याला म्हनतेत मर्द! पोरगं माती धरून हाये!" तो जवान मागे सरून सुभेदारसाहेबांकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर 'पुरे करा' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. चाचा खाली वाकून थावराच्या डोळ्याकडे बघत होते आणि ओरडत होते, "नीचे रह! थावरा, नीचे रह बेटा!" पण थावरा उठत होता. त्याच्या हिशेबात तो अजून एकदाही पडला नव्हता.

तो तिसऱ्यांदा उठून उभा राहिला आणि लोकांना राहवेना. आमच्याकडे पैलवानाने शर्थ केली, की माणसं डोक्यावरचे फेटे उडवतात. यापेक्षा मोठी दाद आमच्याकडे नाही. त्या म्हाताऱ्याने आपलं पागोटं सोडून हवेत भिरकावलं. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनीच. लाल, पिवळे, मळके, पांढरे फेटे हवेत उलगडत वर गेले आणि चारी बाजूंनी नाड्यांच्या आत पडू लागले. रुमाल, टोप्या, उपरणी. आणि त्याच क्षणी मी चाचांचा हात वर गेलेला बघितला. त्यांनी टॉवेल फेकला होता.

तो टॉवेल मी हवेत बघितला. दोन पांढऱ्या फेट्यांच्या मध्ये तो गेला, सुभेदारसाहेबांच्या पाठीमागे पडला आणि त्याच्यावर एक लाल पागोटं येऊन पडलं. त्यांना दिसला नाही. दिसला असता तरी ओळखू कसा येणार होता? चाचा नाड्याला धरून ओरडत होते, "टॉवेल! टॉवेल डाला मैंने! रोको!" शेजारच्या माणसांना वाटलं, म्हातारा आनंदाने ओरडतोय. त्यांनी चाचांना खांद्याला धरून आणखी हलवलं. मी रुळावर खुंटी मारू लागलो. वेळ झाली नव्हती, पण मारत राहिलो, दोन्ही हातांनी, जीव खाऊन. हलगीवाल्याने माझ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि माझ्या ठोक्याला ठेका धरला.

त्यानंतर किती बुक्के बसले ते मला सांगता येणार नाही. शेवटी त्या जवानानेच हात खाली घेतले. फेट्यांच्या त्या ढिगात पाय अडकत असताना तो पुढे आला आणि त्याने थावराला मिठी मारली, नाहीतर थावरा उभाच राहिला असता आणि मार खात राहिला असता. सुभेदारसाहेबांनी जवानाचा हात वर केला. लोकांनी तिकडे बघितलंही नाही. त्यांनी थावराला खांद्यावर उचललं आणि गाड्यांच्या रांगेतून मिरवलं. पाठ लागली नव्हती. त्यांच्या लेखी तो जिंकला होता.

गर्दी ओसरल्यावर सुभेदारसाहेब चाचांना म्हणाले, "हवालदार, तुम तो पुराने आदमी. टॉवेल क्यूं नहीं फेंका?"

चाचांनी नुसतं त्या ढिगाकडे बोट दाखवलं.

माणसं येऊन आपापले फेटे शोधत होती. झटकत होती, हसत होती, दुसऱ्याचा उचलला म्हणून शिव्या देत होती. हळूहळू ढीग संपला. शेवटी एकच कापड मातीत पडून राहिलं. पांढरं, लांब, नवं कोरं. "कोनाचा हाये रे ह्यो? ने की बाबा!" कुणीच आलं नाही. दुसऱ्या बाजूचा टॉवेल गळ्यात घालून जवान केव्हाच निघून गेला होता, त्यामुळे हा ताडून बघायलाही काही नव्हतं. मग क्लबच्या पोरांनी तेच झटकून थावराच्या डोक्याला बांधलं. मुंडाशाइतकंच झालं ते. "मानाचा फेटा! थावराचा फेटा!" एक डोळा सुजून पूर्ण मिटलेला, ओठ फाटलेला आणि डोक्यावर ते. तो हसत होता. मी पुढे व्हायला लागलो, तर चाचांनी माझा दंड धरला.

"बांधने दे," ते म्हणाले. "बांधने दे, मियाँ."

सुभेदारसाहेबांनी शब्द पाळला. पोरगा दिलेर आहे म्हणाले, महिन्याने डॉक्टरी तपासणीला बोलावलं. तो महिना मला आठवतो तो पिंजलेल्या रुईसारखा. सगळं हलकं आणि हाताला न लागणारं. जिन सुरू झालं होतं, भोंगा वाजत होता, आमचं गोदाम भरलं होतं. सूज उतरली. तांड्यावर याडीने मला गुळाचा चहा पाजला आणि भिंतीत ठोकलेली खुंटी दाखवली. वर्दी तिथे लागणार होती. आणि त्याच दिवशी मला वाटेपर्यंत पोचवायला आलेला थावरा सहज म्हणाला, "सेक्रेटरी, डाव्या डोळ्यात खालून काळं पाणी चढून राह्यलंय. आधी जरासं व्हतं. आता निम्म्यावर आलं."

मी त्याला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी दिवा धरून बघितलं आणि हैदराबादला न्या म्हणाले. आवाजावरून कळलं, की हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणताहेत. याडीने कसलासा पाला डोळ्यावर बांधला. चाचा रोज येऊन त्याच्यापुढे बोटं धरायचे आणि तो रोज थोडी कमी ओळखायचा. आम्ही सगळे जण ते पाणी चढताना बघत होतो, जसे नदीकाठचे लोक बघतात. तसा तो तपासणीला गेलाच. संध्याकाळच्या गाडीने परत आला.

"उजवा डोळा झाकाय लावला," तो म्हणाला. "मंग इचारलं, किती बोटं. म्या म्हनलं, सायेब, दिवा लावा."

आणि हसला. मला अजून समजत नाही, तो कसा हसला.

पुढच्या पावसाळ्यात गोदाम पुन्हा रिकामं होतं, पण क्लब भरला नाही. दिवस बिघडत चालले होते. निजामाच्या बाजूने खाकी कपडे घालून हिंडणाऱ्यांची दहशत वाढली होती, चार पोरं एका जागी दिसली तरी चौकशी व्हायची. बरीचशी पोरं हद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. मी माझ्या हाताने तो पत्रा काढला. अठ्ठेचाळीसच्या भादव्यात हिंदुस्थानच्या फौजा आल्या, मोगलाई संपली आणि भीतीने घर बदललं. आता ती छावणीच्या बाजूला राहायला गेली. चाचांच्या दाराला आतून कडी असायची. थावरा तेवढे सगळे दिवस त्या दाराबाहेर काठी घेऊन बसून होता. एक डोळा गेलेला, डोक्याला ते पांढरं मुंडासं. कुणी टोळकं आलं, की म्हणायचा, "उस्ताद हाये माझा. आधी मला उताणं करा."

कुणी केलं नाही. पण चाचा राहिलेही नाहीत. मुलीकडे हैदराबादेला निघाले. स्टेशनावर आम्ही दोघंच. थावराच्या डोक्यावर त्यांची पेटी होती. ती डब्यात ठेवून तो खाली उतरला, तेव्हा पेटीच्या भाराने मुंडासं एका बाजूला सरकलं होतं. चाचांनी खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले आणि ते सरळ केलं. टोक आत खोवलं. गाडी हलेपर्यंत ते तेच करत होते, नीट बसलेलं पुन्हा नीट करत होते.

नंतर मी कॉलेजसाठी हैदराबादेला गेलो, तेव्हा पहिले सहा महिने त्यांच्याच ओसरीवर राहिलो, त्यांच्याच ताटात जेवलो. ते कधी हिंगोलीबद्दल विचारत नसत. एकदाच, मी सुट्टीहून परत आलो तेव्हा, पाठमोरे असताना म्हणाले, "थावरा... वो बांधता क्या अभी भी?"

"हौ, चाचा. सणावाराला."

"हूँ," म्हणाले आणि हुक्का भरत राहिले. मी बी.ए. झालो ते त्यांनी बघितलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत गेले.

परवा बाभळीला कापूस दिसला आणि मी तांड्यावर गेलो. दरवर्षी या दिवसांत जातो. थावरा आता घरापुढे बाजेवर बसलेला असतो. उजव्या डोळ्यालाही मोतीबिंदू धरलाय. भिंतीतली ती खुंटी अजून आहे. नातवाने तिला कंदील अडकवलाय. मी गेलो, की तो सुनेला पेटी उघडायला लावतो. त्या पांढऱ्याचा रंग आता भाकरीसारखा झाला आहे, कडा विरल्यात. तो ते मांडीवर घेऊन बोटांनी चाचपतो. नातवंडं भोवती जमतात. त्यांना गोष्ट पाठ आहे. आजाला पलटणीच्या पैलवानाने तीन वेळा पाडलं आणि एकदाबी पाठ लागली न्हाई. आन् लोकांनी फेटे उडवले. आन् समद्यांनी आपापले नेले, एक तेवढा ऱ्हायला.

"सेक्रेटरी," थावरा म्हणाला, "इतके साल झाले. मालक आला न्हाई रे कधी. तूच हुभा व्हतास तिथं. कोनाचा असंल?"

हा प्रश्न तो दरवर्षी विचारतो आणि दरवर्षी मी मान हलवतो. यंदा काय झालं कुणास ठाऊक. त्याच्या डोळ्यातलं ते धुकं बघून असेल. म्हणालो, "चाचाचा व्हता."

त्याची बोटं कापडावर थांबली. मला वाटलं, आता विचारेल, चाचांचा तर खांद्यावरचा टॉवेल होता, मग तो आत का पडला. आता याच्यापुढे मला खोटं बोलता येणार नाही आणि खरंही बोलता येणार नाही.

"चाचानं उडवला?" तो म्हणाला. "माझ्यासाठी?"

"तुझ्याचसाठी."

त्याने ते कापड दोन्ही हातांनी उचललं आणि डोक्याला गुंडाळायला सुरुवात केली. टोक सापडत नव्हतं. मी पुढे वाकून ते सरळ केलं आणि आत खोवलं. नीट बसलं होतं, तरी पुन्हा एकदा केलं.